वाढत जाणारं तेल

त्या घरात गाडीची किल्ली कुणाकडे राहणार हे वयावर ठरत नसे आणि कमाईवरही नसे. ते तेलावर ठरे. इंजिनाचं तेल ज्याने निवडलं आणि ज्याचं तेल टिकलं, किल्ली त्याची. बाकीच्यांनी विचारून न्यायची.

नियम बाबांचा होता. त्यांचा जन्म गेला शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात, डिझेल इंजिनांचा फोरमन म्हणून. तेल टिकलं म्हणजे काय, हेही त्यांनीच ठरवून ठेवलं होतं. रविवारी सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडायचं. डिपस्टिक ओढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालायची, परत ओढायची. पट्टीवर दोन खुणा असतात, त्यांच्यामध्ये तेलाची रेघ दिसते. रेघ खाली आली असेल तर इंजिन तेल खातंय, म्हणजे तेल चुकलं. रेघ होती तिथे असेल तर तेल बरोबर. यानंतर पट्टीवरचा थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि एक शब्द बोलायचा. "स्वच्छ," किंवा "जळकं." या दोन निकालांवर घरातल्या तीन गाड्या झिजून भंगारात गेल्या, पण निकाल कधी फिरला नाही.

चौथी गाडी आली ती मात्र घरात कुणालाच नीटशी न समजणारी. एसयूव्ही, मागे तिसरी रांग असलेली, पेट्रोलची, आणि वर टर्बो. अक्काला बाळ झालं म्हणून मोठी गाडी घ्यायची ठरली होती. पेट्रोल दादाच्या हट्टापायी. टर्बो कशापायी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. शोरूममधल्या पोराने तो शब्द इतक्या वेळा उच्चारला की नको म्हणायचा धीर झाला नाही.

"हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं," बाबा बॉनेटखाली वाकून म्हणाले. इंजिनावर काळं प्लॅस्टिकचं झाकण होतं. "तोंड झाकलेलं इंजिन. याच्याशी बोलायचं कसं?" मग ते सरळ झाले आणि धाकट्या मुलीकडे वळले. "लॅबबाई, तेल तुम्ही निवडायचं. पेट्रोल कुठलं तेही तुम्हीच. रेघ टिकली तर किल्ली तुमची."

तिला घरात सगळे लॅब म्हणत. ती रसायनशास्त्र शिकली होती आणि रंगांच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होती. रंग किती घट्ट, किती पातळ, भिंतीवर लावला की ओघळतो का, हे दिवसभर मोजायचं आणि घरी येऊन भाजीत मीठ किती यावरही "मोजलं का?" म्हणून विचारायचं. नाव तिथून पडलं.

किल्ली तिला हवीच होती, आणि हवी होती ती लवकर. अक्काचं सासर घाटापलीकडे. बाळ प्रवास करण्याजोगं झालं की अक्काला महिनाभर इकडे आणायचं ठरलं होतं. अक्काने फोनवर बजावून ठेवलं होतं, "घ्यायला तू ये गं. बाबा आले तर दर वळणावर इंजिनाचा आवाज ऐकायला थांबतील. मी आणि बाळ वाटेतच म्हातारे होऊ." मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, "आणि मला तुझ्याशी बोलायचंय. इथे घर भरलेलं असतं, पण बोलायला कुणी नाही. गाडीत आपण दोघीच असू." अक्का कशाचीही तक्रार न करणारी. त्यामुळे ते वाक्य लॅबच्या मनातून हलेना. ती बाबांना म्हणाली, "तुमचा नियम मान्य. पण रेघ टिकली तर अक्काला आणायला मी जाणार. एकटी."

"टिकली तर," बाबा म्हणाले.

पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी तिने गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचून काढलं. तिची समजूत अशी की वाचलं की कळतं. या पुस्तकाने ती मोडली. तेलाच्या पानावर एक तक्ता होता आणि त्यात दोन तेलं शेजारी शेजारी, दोन्ही योग्य: झिरो डब्ल्यू ट्वेंटी आणि फाइव्ह डब्ल्यू थर्टी. पहिलं पातळ, दुसरं त्याहून थोडं घट्ट. खाली बारीक अक्षरांत, हवामान आणि वापर पाहून निवडावं. कुठलं हवामान, कसला वापर, ते नव्हतं.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाला तिने विचारलं. तो हसतमुख होता.

"मॅडम, दोन्ही चालतात."

"मग दोन का दिलीत?"

"निवड असावी म्हणून."

"तुम्ही कुठलं घालता?"

"जे ड्रममध्ये असेल ते." हे त्याने इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की तिला रागही येईना.

तिने पातळ निवडलं. थंडी सुरू झाली होती. गार इंजिनात पातळ तेल झटकन सगळीकडे पोचतं, आणि टर्बोचं चक्र अफाट वेगाने फिरतं, त्याला सुरुवातीलाच तेल मिळायला हवं. विचार बरोबर होता. डब्याच्या तळाला उरलेलं थोडं तेल तिने घरी आणलं. बाबांनी त्यात बोट बुडवलं आणि बोटाकडे बघत राहिले.

"हे तेल आहे की तेल ठेवलेल्या भांड्याचं धुवण?"

"बाबा, आतल्या फटी आता केसाहून बारीक असतात. घट्ट तेल शिरणारच नाही."

"माझी इंजिनं मधासारखं तेल प्यायची. चाळीस वर्षं चालली."

"तुमच्या इंजिनांना टर्बो नव्हता."

"होता. एकाला होता," बाबा म्हणाले. "पण तो गप्प बसायचा. त्याची जाहिरात नव्हती."

पेट्रोलचं प्रकरण तर याहून अवघड. पुस्तकात एका अंकाहून कमी चालणार नाही असं म्हटलं होतं आणि त्याच्याहून वरचा अंक 'सुचवला' होता. अंक होता ऑक्टेनचा. पंपावर मात्र अंक कुठेच नव्हता. तीन नळ्या होत्या आणि त्यांच्यावर लिहिलं होतं सुपर, प्रीमियम, एक्स्ट्रा.

"यातलं सगळ्यात वरचं कुठलं?" तिने पंपावरच्या माणसाला विचारलं.

"एक्स्ट्रा."

"आणि सुपर?"

"सुपर साधं आहे."

मागची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली. तिने प्रीमियम भरलं, कारण ते मध्ये होतं, आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडली. निवडायचं ते कारणाने, मध्ये आहे म्हणून नव्हे. रात्री तिने कंपनीच्या साइटवर अंक शोधले. निघालं की प्रीमियम म्हणजे नेमका सुचवलेला अंक. बरोबर उत्तर चुकीच्या रीतीने आलं होतं, आणि तिच्या प्राध्यापकांच्या मते तसल्या उत्तराला गुण नसतात.

जेवताना तिने बाबांना ऑक्टेन समजावलं. "हा टर्बो हवा दाबून आत कोंबतो. इतकी दाबली की पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच भडकू बघतं. मग आत हातोडे मारल्यासारखा आवाज येतो, नुकसान होतं. ऑक्टेन जास्त म्हणजे ते दाब सहन करतं, आपणहून पेटत नाही."

बाबांचा घास हातात राहिला. डिझेलमध्ये सगळं नेमकं उलटं. तिथे ठिणगीच नसते. दाबलं की लगेच पेटेल तेच इंधन चांगलं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "जास्त पैसे देऊन आपण न पेटणारं पेट्रोल आणलं."

दादाला ठसका लागला. आई म्हणाली, "जेवताना पेटवापेटवी नको."

तर तेल ठरलं, पेट्रोल ठरलं, रेघ दोन खुणांच्या बरोबर मधोमध लागली. अक्काला आणायच्या दिवसापर्यंत ती तिथे राहिली की झालं. तोवर किल्ली कुणाचीच नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला लटकायची, आणि खिळा सगळ्यांचा. दादा तिसऱ्या गल्लीतल्या व्यायामशाळेत गाडी घेऊन जायचा, तिथे यंत्राच्या पट्ट्यावर चालायचा आणि गाडीत बसून परत यायचा. आईचा दवाखाना चौकात; ती तिथे नावं नोंदवायच्या खिडकीशी बसे. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून कुणीतरी सकाळी सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं. बाबा दूध आणायलाही गाडी काढायचे. दुधाच्या दुकानाची पाटी गच्चीवरून दिसायची. नवी नवलाई होती.

पहिल्या रविवारी रेघ जागेवर. बाबांनी थेंब चोळला, हुंगला आणि म्हणाले, "स्वच्छ." लॅबने श्वास सोडला.

दुसऱ्या रविवारी बाबांनी पट्टी पुसून दोनदा पाहिली. मग चष्मा काढून पाहिली.

"खाली आली का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"वर गेलीय."

काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी रेघ वर सरकली होती. गाडी तिरकी तर उभी नाही ना म्हणून लॅबने खालची जमीन बघितली, चाकं बघितली, कालच्याच जागी गाडी होती. गरम तेल फुगतं हे तिला ठाऊक होतं, पण इंजिन बर्फासारखं गार होतं. "मापनातली चूक," असं ती म्हणाली. प्रयोगशाळेत काही कळलं नाही की तसंच म्हणायची पद्धत होती.

तिसऱ्या रविवारी रेघ आणखी वर. आता ती वरच्या खुणेला टेकायला आली होती. बाबांनी थेंब नाकाशी नेला. "स्वच्छ," ते म्हणाले, पण या वेळी त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फडकं घडी करत म्हणाले, "गाय दूध देते हे मी ऐकलंय. इंजिन तेल देतं हे पहिल्यांदा बघतोय."

त्या दिवसापासून घरात एक अवघड शांतता आली. बाबांचा संशय सरळ होता. रेघ खाली येऊ नये म्हणून पोरगी रोज गुपचूप तेल ओततेय. ओतताना हात सैल सुटला, एवढंच. लॅबचा संशयही तितकाच सरळ. पायऱ्यांखालच्या खोलीत बाबांचा पंपघरातला जुन्या घट्ट तेलाचा डबा होता. तिचं 'धुवण' सहन न होऊन ते त्यात आपलं तेल मिसळताहेत. दोघंही एकमेकांना काही बोलली नाहीत. घरात बोलण्याऐवजी भांडी जोरात ठेवली जाऊ लागली.

लॅबने मोजायचं ठरवलं. कारखान्यातून तिने राखाडी रंगाची छोटी बाटली आणली आणि तेल ओतायच्या झाकणाच्या कडेवर, झाकण आणि इंजिन दोन्हींवर येईल अशी, केसाएवढी रेघ ओढली. झाकण फिरवलं की रेघ तुटणार. ते करताना तिला झाकणाच्या दुसऱ्या बाजूला ग्रीसचा एक लहानसा ठिपका दिसला. तो तिथे कसा आला, ते तिच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी रंगाची रेघ अखंड होती. ग्रीसचा ठिपकाही अखंड. आणि तेल वरच्या खुणेच्या पुढे. बाबांनी थेंब हुंगला आणि सवयीने म्हणाले, "स्वच्छ."

ती झाकणाकडे बघत उभी राहिली. शेजारी बाबाही झाकणाकडेच बघत होते.

"तो रंग तुझा?" त्यांनी विचारलं.

"ते ग्रीस तुमचं?"

दोघांनी एकमेकांवर पाळत ठेवली होती आणि दोघंही निर्दोष सुटली होती. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. चोर असता तर बरं झालं असतं. चोर नाही आणि चोरी मात्र उलट्या बाजूने चालू आहे.

"नियमात हे बसत नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज तिला जरा थकलेला वाटला. "खाली नाही, जागेवर नाही. तेल बरोबर म्हणावं की चूक?"

"अक्काला पुढच्या आठवड्यात आणायचंय, बाबा."

"जे कळत नाही त्याच्यावर मी बाळ बसवणार नाही. मी चालवली तरी नाही, तू चालवली तरी नाही." ते आत गेले.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. लॅबने सगळं सांगितलं. "बरं," अक्का म्हणाली. "मग नंतर कधीतरी." ते 'नंतर' इतकं समजूतदार होतं की लॅबला झोप लागली नाही.

सर्व्हिस सेंटरच्या त्या हसतमुख माणसाला तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तेल कमी झालं तर आणा मॅडम. जास्त झाल्याची आपल्याकडे तक्रार नसते."

सोमवारी जाताना तिने एका कुपीत डिपस्टिकवरचे काही थेंब टिपून घेतले. प्रयोगशाळेत रंग ओघळतो किती हे पाहायला काचेची एक पट्टी असते. तिच्यावर थेंब ठेवायचे, पट्टी तिरकी करायची आणि कोण आधी खाली पोचतं ते बघायचं. तिने घरून आणलेल्या नव्या तेलाचा एक थेंब ठेवला, शेजारी गाडीतल्या तेलाचा एक. तेल जुनं होतं तसं दाट होत जातं, हे तिने बाबांकडून हजारदा ऐकलेलं. काच तिरकी केली. गाडीतलं तेल सरसर खाली उतरलं. नवं मागे राहिलं.

तिने काच पुसून पुन्हा केलं. थेंबांच्या जागा बदलून पुन्हा केलं. गाडीतलंच जिंकलं.

म्हणजे तेल वाढलं होतं आणि पातळ झालं होतं. जे काही आत शिरत होतं ते तेलाहून पातळ होतं, आणि झाकण न उघडता शिरत होतं. पाणी? पाणी असतं तर तेल दुधट दिसलं असतं. मग दुसरं काय आहे इंजिनात? तिने कुपी नाकाशी नेली, आणि पंपावर उभं राहिल्यासारखा वास आला.

पेट्रोल. इतकं सरळ. गार इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, थोडं पिस्टनच्या कडेने घसरून खाली तेलात उतरतं. लांब गेलं की तेल तापतं आणि ते उडून जातं. त्यांची गाडी लांब गेलीच नव्हती. व्यायामशाळा, दवाखाना, दूध. गरम व्हायच्या आधी बंद. गाडीने महिन्यात एकदाही घाम गाळला नव्हता. सगळं जुळलं आणि तिला क्षणभर फार बरं वाटलं.

मग एक गोष्ट जुळेना. वास लपण्यासारखा नव्हता. बाबांनी हाच थेंब रविवारी नाकाला लावला होता. चाळीस वर्षं नाकाने इंजिनं ओळखणारा माणूस 'स्वच्छ' म्हणाला होता. तिला वाटलं, आपलंच नाक बिघडलंय. इथे दिवसभर थिनरच्या वासात असतो आपण. तिने कुपी बंद केली, उघडली, परत हुंगली. पेट्रोलच.

घरी आली तेव्हा आई एकटीच होती, दवाखान्याची साडी बदलून ओट्याशी उभी. लॅबने कुपी पुढे केली. "आई, याला कसला वास येतो?"

"लांब धर. पेट्रोलचा. स्वयंपाकघरात कशाला आणलंस?"

"बाबांना आला नाही."

आईने गॅस बारीक केला. "त्या तापापासून," ती म्हणाली. "मागच्या वर्षी झोपून होते ना. तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नाही."

लॅबला ती सकाळ आठवली. दूध जळून घरभर वास झाला होता, आणि बाबा शेगडीशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. सगळ्यांनी त्यांना धारेवर धरलं होतं, तिने सगळ्यात जास्त. 'पेपरात डोकं घातलं की जग बुडालं तरी चालेल यांना.' बाबा तेव्हा म्हणाले होते, 'हो, लक्ष नव्हतं.'

"तुला सांगितलं त्यांनी?"

"छे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही." आईने पदराला हात पुसले. "मी झोपायच्या आधी गॅसची कळ बघून येते. चहाला आलं घातलं तर 'आज आलं छान आहे' म्हणतात, न घातलं तरी तेच म्हणतात. मी काही बोलत नाही. तूही सरळ जाऊन सांगू नकोस. नाक हीच त्या माणसाची पदवी."

लॅब आपल्या खोलीत जाऊन बसली. सकाळपर्यंत प्रश्न असा होता की तेल का वाढतं. आता उत्तर हातात होतं आणि ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं. सांगितलं तर किल्ली मिळत होती, अक्का येत होती. पण सांगायचं म्हणजे बाबांचे तीन 'स्वच्छ' खोटे ठरवायचे. खोटे तरी कसे म्हणायचे? त्यांना खरंच काही आलं नव्हतं. काही न येणं आणि स्वच्छ असणं, यांतला फरक ओळखायला जे लागतं तेच तर गेलं होतं.

शेवटी ती आरसा घेऊन बाहेर आली. बाबा अंगणात गाडीच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा शिवत होते.

"बाबा, एक शर्यत लावायचीय. पंच लागेल."

तिने दोन थेंब आरशावर ठेवले, कुठला कुठला ते सांगितलं, आणि आरसा त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच तिरका करा."

बाबांनी केला. एक थेंब धावला. त्यांनी आरसा सपाट केला, बाहीने पुसला, म्हणाले, "परत." परत तेच झालं. मग त्यांनी एका बोटावर हे आणि एका बोटावर ते घेतलं आणि अंगठ्याने चोळत राहिले. डोळे मिटून. त्यांचा अंगठा एका बोटावरून दुसऱ्यावर जात होता, येत होता. तिने मध्ये एक शब्द काढला नाही. आयुष्यात इतकं गप्प राहणं तिला क्वचित जमलं होतं.

"अंग नाही याला," बाबा म्हणाले. "वाढलं, आणि अंग गेलं. म्हणजे यात काहीतरी पातळ..." ते थांबले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, मग पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाकडे. "हे पेट्रोल खाली उतरतंय. दूध आणून आणून." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "माझी इंजिनं थांबतच नसत. गार व्हायची त्यांना सवड नव्हती. मला हे दिसणार कुठे?"

"मलाही नव्हतं दिसलं."

"पातळात आणखी पातळ. माझं घट्ट तेल असतं तर इतकं अंग गेलं नसतं."

ती विचारात पडली, कारण ते खरं होतं. 'वापर पाहून निवडावं,' असं पुस्तकात होतं, आणि तिने हवामान पाहिलं होतं. वापर म्हणजे आपला दादा, आपली आई, आपलं दूध, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तुमचं नाही. पण त्या दोनांतलं घट्ट घ्यायला हवं होतं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तेच."

बाबांनी मान हलवली. जिंकल्यासारखी नाही. मग त्यांनी हातातलं बोट, गाडीतल्या तेलाचं, वर आणलं. सवयीने ते नाकाकडे निघालं होतं. अर्ध्या वाटेत ते थांबलं, आणि तिथून वळून तिच्यासमोर आलं.

"तू सांग," ते म्हणाले. "येतोय का?"

तिने वास घेतला. "येतोय."

"बराच?"

"हो, बाबा. बराच."

"हं." त्यांनी बोट फडक्याला पुसलं, गरजेपेक्षा जास्त वेळ. "कधी कळलं तुला?"

"आज."

"आईला सांगू नकोस. उगाच काळजी करेल."

लॅब "बरं" म्हणाली. घरात आता एकच गुपित तीन जणांकडे होतं.

थोड्या वेळाने बाबा उठले, खिळ्यावरची किल्ली घेऊन आले आणि तिच्या हातात ठेवली. "नियमाने नाही," ते म्हणाले. "नियम बंद पडलाय. याला औषध एकच, लांब चालव आणि तापव. घाट चांगला आहे त्याला. आधी एकटीच नदीच्या पुलापर्यंत जाऊन ये, आवाज ऐक. ठीक वाटलं तर जा." मग, जाता जाता, "थांबून ऐकायचं. चालत्या गाडीत नाही कळत."

ती गेली. पुलापाशी थांबून तिने आवाज ऐकला आणि तिला त्यातलं काहीही कळलं नाही, पण थांबली. दोन दिवसांनी घाट चढतानाही एका वळणावर थांबली. परतताना मागच्या सीटवर बाळ झोपलं होतं आणि त्याच्या शेजारी अक्का बोलत होती, सलग, न थांबता, घाट संपून सपाटी लागली तरी. लॅबने त्यातलं काही घरी कुणाला सांगितलं नाही. फक्त आईला म्हणाली, अक्का महिन्याने लगेच परत नाही जाणार.

रविवारी बाबांनी डिपस्टिक ओढली, पुसली, घातली, ओढली. रेघ खाली आली होती, जवळजवळ पहिल्या जागी. ते रेघेकडे बघत राहिले. आयुष्यभराच्या हिशेबाने खाली आलेली रेघ म्हणजे चुकलेलं तेल.

"आता ही खाली आली म्हणून मी खूश व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"व्हायला हवं."

"काही कळेनासं झालंय." त्यांनी थेंब बोटांत चोळला. आतून अक्काच्या बाळाचं रडणं आणि आईचं 'आले, आले' ऐकू येत होतं. बाबांनी हात लांब केला, तिच्या नाकाशी. ते वाट बघत होते.

"थोडा आहे अजून," लॅब म्हणाली.

"थोडा," बाबा म्हणाले, आणि बॉनेट लावून घेतलं. "मग आज दूध तू आण. पुलावरून फिरून."